भट्टीमागची भिंत

एका बाईला राहायला जागा होती. ती मी घालवली. भांडून नाही की ढकलून नाही. नवं लुगडं, नारळ आणि गूळ-फुटाण्याची पुडी देऊन, हात जोडून, गावातल्या भल्या माणसांच्या साक्षीनं घालवली. त्या वेळी मला वाटत होतं की मी तिला घर मिळवून दिलं. हे वाटणं मी सबंध पावसाळाभर नव्या सदऱ्यासारखं अंगावर मिरवलं, त्यामुळं चूक आणखी मोठी झाली असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, चूक होती तेवढीच आहे, तुम्हीच तिला दरवर्षी खतपाणी घालता.

गोष्ट हिंगोलीची. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी एका सरकारी कचेरीत नवा कारकून लागलो होतो. खेड्यातून आलेला, नुकतं लग्न झालेला, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि समाज सुधारायची भारी घाई असलेला. कचेरी सुटली की मी एसटी स्टँडला लागून असलेल्या एका हॉटेलात चहाला बसायचो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन-तीन बाकडी आणि एक मोठी मातीची भट्टी. भट्टी एका भिंतीला टेकवून बांधलेली होती, आणि त्या भिंतीची पाठ स्टँडच्या आवाराकडं होती. पहाटे भट्टी पेटायची ती अंधार पडेपर्यंत. भिंत दिवसभर तापायची आणि मग रात्रभर हळूहळू निवत राहायची. छपराचा पत्रा भिंतीच्या पलीकडं हात-दोन हात पुढं आला होता. त्या पत्र्याखाली, त्या भिंतीला पाठ लावून ती बाई राहायची.

वयानं पन्नाशीच्या पुढची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दातांना मिसरी, अंगावर विटलेलं नऊवारी. तिची दोन गाठोडी, एक डालडाचा डबा आणि एक घोंगडं. पण तिच्याभोवती गाठोडी नेहमी दोनापेक्षा जास्त असायची, कारण बाजारला आलेल्या खेड्यांतल्या बाया आपापली बोचकी तिच्याजवळ ठेवून गावात जायच्या. कुणाचं लेकरू तिच्या मांडीवर झोपलेलं असायचं. कुणी जाताना तिच्या पदरात दोन भाकरी टाकायचं, कुणी मूठभर शेंगा. मी हे सगळं रोज बघत होतो. बघून मला कीव यायची. कीव आली की माणसाला दिसायचं कमी होतं, हे मला नंतर कळलं.

दुष्काळानंतर स्टँडवर, रेल्वे स्टेशनात, बाजारातल्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर अशी माणसं वाढली होती. ती का वाढली, यावर आमच्या हॉटेलात रोज संध्याकाळी निकाल लागायचा.

हळदीचे एक आडते यायचे. शेतकऱ्यांची हळद बाजारात विकून देण्याचा त्यांचा मोठा धंदा. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. त्यांचा निकाल सगळ्यात आधी लागायचा.

"आळस! दुसरं काय न्हाई. दुष्काळात सरकारनं खडी फोडायला लावली, सुकडी खाऊ घातली, तवापासून फुकटाची चटक लागली. आज कामाला बोलवा, एक उठनार न्हाई."

खडी फोडून फुकटाची चटक कशी लागते, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. चहा त्यांच्याकडून असायचा.

दुसरे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या मते मूळ कारण एकत्र कुटुंब मोडलं हे होतं. "पूर्वी," असं म्हणून ते सुरुवात करायचे, आणि ते वाक्य संपेपर्यंत बशीतला चहा गार व्हायचा. त्यांचे दोन्ही मुलगे औरंगाबादला होते आणि गुरुजी खानावळीत जेवायचे, पण तो विषय वेगळा.

हॉटेलवाल्याला आम्ही चाचा म्हणायचो. त्याचं म्हणणं थोडक्यात असायचं. "नसीब की बात है, साब. अल्ला किसको महल में बिठाता, किसको मेरी दीवार के पीछू." असं म्हणून तो भट्टीत आणखी एक लाकूड सारायचा. आमच्यापैकी त्या बाईसाठी रोज काहीतरी करणारा तो एकटाच होता, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं.

आणि मी. मी म्हणायचो, "दोष समाजाचा आहे." मग समाज म्हणजे काय ते सांगायचो. मी सगळ्यात जास्त वेळ बोलायचो.

एकदा बोलून बाहेर पडलो, तर पत्र्याखालून आवाज आला, "सायब, आज घसा बसला असंल की. पानी देऊ का?"

भिंतीतून सगळं ऐकू जातं हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मला वाटलं, बिचारी माझी चौकशी करते आहे. मी तिच्यापाशी उकिडवा बसलो आणि सुधारकाच्या आवाजात विचारलं, "मावशी, गाव कोणतं तुमचं?"

"हट्ट्याकडं. तिथं उतरून पायी जावं लागतंय."

"घर आहे तिथं?"

"हाय की. घर कुनाला नसतं?"

"माणसं?"

"दिराचा पोरगा हाय, त्याची बायको हाय, लेकरं हायत. मालक मेंढरं घेऊन गेले दुष्काळात वऱ्हाडाकडं, चाऱ्याला. मेंढरं बी आली न्हाईत आन मालक बी."

"मग तुम्ही इथं त्यांची वाट पाहता?"

"इश्श! मी एसटीची बी वाट पाहात न्हाई, बाबा."

"मग इथं काहून राहता?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मिसरीचे दात दाखवत हसली आणि म्हणाली, "रुसून आले म्हन की."

ती हसली ते मी पाहिलं नाही. वाक्य तेवढं ऐकलं.

आता यात माझा सगळा दोष नाही, असं मी कधी कधी स्वतःला सांगतो. आमच्या भागात घराबाहेर पडलेली बाई ही रुसलेलीच असते. दुसरं काही असू शकतं हे चारचौघांत बोलायची रीत नाही. आणि रुसलेलीवर उपाय ठरलेला आहे. माहेरच्यांपैकी कुणीतरी तिची समजूत घालायची, नवं लुगडं आणि नारळ द्यायचा, स्वतः नेऊन पोचवायचं, सासरच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचा. चहा घेतला की भांडण मिटलं. माझ्या आजोबांनी माझ्या आत्याला असं कैकदा पोचवलं होतं. दर खेपेला ती परत आली, हे मात्र मला त्या वेळी आठवलं नाही.

मी हॉटेलात परत जाऊन जाहीर केलं, "ती बेघर नाहीच. ती रुसलेली आहे!"

सगळ्यांना केवढा आनंद झाला. दुष्काळ, समाज, नशीब, काही काही सोडवायचं उरलं नाही. एका रुसलेल्या बाईला घरी पोचवलं की झालं. गुरुजींचं एकत्र कुटुंब पुन्हा जोडलं जाणार होतं. शेठ म्हणाले, लुगडं माझ्याकडून. त्याच सुमारास कुणी मोठा माणूस गावात येणार, स्टँडवरच्यांना ट्रकमध्ये घालून दूर सोडून येणार, अशी अफवा उठली होती. तो मोठा माणूस शेवटपर्यंत आला नाही, पण अफवेनं आमच्या पुण्याला घाई केली. मी म्हणालो, ट्रकमध्ये जाण्यापेक्षा मानानं गेलेली काय वाईट? आणि पोचवायला मी जातो, भाऊ म्हणून.

घरी सांगितलं तर बायको स्टोव्हला पंप मारत होती. थांबून म्हणाली, "नारळ बी देनार?"

"हो. रीत आहे."

"आपल्यात कवापासून?"

आम्ही बौद्ध. नारळ, खण, ओटी हे सगळं माझ्या वडिलांनी मी लहान असतानाच घराबाहेर काढलं होतं. मी म्हणालो, "तिच्यात आहे ना."

"बरं. तिला इचारलं का, जाती का म्हून?"

"ती कशाला नाही म्हणेल? घरी जायचं आहे तिला."

बायकोनं पुन्हा पंप मारायला सुरुवात केली. स्टोव्ह तिच्या मनातलं माझ्यापेक्षा जास्त ऐकून होता.

जेठ महिन्यातली एक सकाळ. हळदीचा हंगाम संपलेला. आम्ही चौघं, शेठ, गुरुजी, चाचा आणि मी, पत्र्याखाली जाऊन उभे राहिलो. लेकरू मांडीवर घेऊन बसलेली ती बाई आमच्याकडं बघतच राहिली. आजूबाजूचे प्रवासी जमले.

"मावशी," मी म्हणालो, "आता राग सोडा."

"कोनावरचा?"

"घरच्यांवरचा."

"मला न्हाई कोनाचा राग."

"मग झालंच तर!" गुरुजी म्हणाले आणि लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. मग गुरुजींनी कुटुंबावर भाषण केलं. त्यानंतर मी माणुसकीवर केलं. शेठनी लुगडं पुढं केलं. हळदीच्याच रंगाचं, लाल काठांचं. मी तिच्या पदरात नारळ आणि गूळ-फुटाण्याची पुडी ठेवली. तिनं आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं, लेकरू त्याच्या आईला दिलं आणि उठली. तिचे डोळे भरले होते. ते आनंदानं भरले, असं आम्ही चौघांनी एकमतानं ठरवलं.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली, लुगड्याची घडी मांडीवर धरून. हट्ट्याला उतरून उन्हातून चालायला लागलो तर ती पुढं आणि मी धापा टाकत मागं. मेंढरांमागं जन्म गेलेला तिचा. गाव आलं तेव्हा माझा घसा पार कोरडा पडला होता.

पुतण्या घरीच होता. माझ्याच वयाचा, बोलायला गोड. "आमी कवा नको म्हनलं? काकूच निघून गेली. लोकं आमालाच बोलून राहिले." त्यानं ओट्यावर पोतं अंथरलं. मी समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. तो प्रत्येक गोष्टीला "बराबर हाय" म्हणत होता. मग त्यानं विचारलं, "पाव्हणे कोनत्या गावचे?"

मी गाव सांगितलं. आडनाव विचारलं, ते सांगितलं. तो उठून दारापाशी गेला आणि आत काहीतरी सांगून आला. नंतर त्याच्या बायकोनं तांब्या आणला आणि वरून पाणी ओतलं, मी ओंजळीनं प्यालो. चहा आला तो कान तुटलेल्या कपात. वळचणीला खोचून ठेवलेला वेगळा कप असणार. असे कप मी लहानपणापासून ओळखतो. मला राग आला, आणि तो मी सवयीनं चहाबरोबर गिळला. मनात म्हटलं, आपण इथं स्वतःच्या मानासाठी आलेलो नाही. एका बाईचं घर जोडायला आलो आहोत. स्वतःचा अपमान गिळल्याचाही मला अभिमान वाटला. त्या ओट्यावर मी इतका थोर झालो होतो की माझ्या शेजारी कोण बसलं आहे हे मला दिसलं नाही.

हिंगोलीत परत आलो तर हॉटेलात माझं स्वागत झालं. चाचानं त्या दिवशी मलई घातलेला चहा दिला. शेठ म्हणाले, "बघा, घर असून ऱ्हात न्हाईत हे. मी म्हनत नव्हतो?" गुरुजी म्हणाले, "हे मी प्रथमपासून सांगत होतो." आमच्या तिघांचे तीन निकाल एकाच बाईनं सिद्ध केले होते. कारण, ती तिथं नव्हती.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. कपाचंही सांगितलं. ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, "मामंजी तुमाला काय म्हनत असतात?"

माझे वडील मला काय म्हणायचे ते तिलाही पाठ होतं. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी मला बजावलं होतं: आता गावाकडं तोंड करू नको. गावात आपलं घर हाय, पन गाव आपलं न्हाई.

"ते आपलं झालं," मी म्हणालो. "तिचं वेगळं आहे. ती त्यांच्या घरची आहे."

"असंल," ती म्हणाली.

पावसाळ्यात भट्टीमागच्या त्या जागेवर भाड्याच्या सायकलींचं दुकान लागलं. एका माणसानं पत्र्याखाली ओळीनं सायकली लावल्या, हवा भरायचा पंप भिंतीला टेकवला. मला बरं वाटलं. जागा स्वच्छ दिसत होती.

दिवाळी झाली. थंडी सुटायला लागली होती. एका संध्याकाळी कचेरीतून येत होतो, तर स्टँडच्या पार त्या टोकाला, नालीच्या कडेच्या कडुलिंबाखालून ओळखीचा आवाज आला.

"या माहेरवाले! या! बसायला पोतं न्हाई, तेवढी तकलीफ घ्या."

तीच होती. अंगावर जुनंच लुगडं, तेही आता दोन ठिकाणी फाटून, जोडून दंड घातलेलं. एक गाठोडं कमी झालं होतं. घोंगडं नव्हतं. मी मूर्खासारखं विचारलं, "मावशी, परत काहून आल्या?"

"बस," ती म्हणाली. "सांगते. उभ्यानं ऐकायची गोष्ट न्हाई."

मी बसलो. तिनं सांगितलं ते हसत हसत सांगितलं, म्हणून मला अजून सगळं आठवतं. नवं लुगडं दुसऱ्याच दिवशी पुतण्याच्या बायकोच्या अंगावर चढलं. नारळ पोरांनी फोडला. हिची झोपायची सोय मेंढवाड्यात झाली. मेंढरं राहिली नव्हती, वाडा तेवढा होता. "निंदनी-खुरपनी होईस्तवर मी काकू व्हते," ती म्हणाली. "मूग-उडीद घरात आले तसं नुसतं खायाचं तोंड झाले. मंग एक दिवस पुतन्या म्हनला, काकू, तुमाला स्टँडची सवय लागलीया, हितं करमत नसंल. लई मानानं म्हनला. तुमच्यासारखाच."

मी मान खाली घातली. "पण मग मी न्यायला आलो तेव्हाच 'नाही' का म्हणाल्या नाहीत?"

"चार मोठी मानसं हात जोडून उभी. पब्लिक टाळ्या वाजवून राहिलं. कसं न्हाई म्हनू? आन रुसून आले म्हनलं ते मस्करीनं. तुला मस्करी कळत न्हाई हे मला काय ठाव?" मग ती म्हणाली, "तुला एक इचारू का? तुला त्यानं वट्यावर बसवलं. का बसवलं ते तुला बी ठाव आन मला बी. पन मी तर घरची व्हते न? मला काहून वट्यावर बसवलं?"

आणि मला तो ओटा पुन्हा दिसला. एकच पोतं. त्यावर मी, आणि माझ्या शेजारी पदरात नारळ घेऊन ती. चहा दोघांनाही तिथंच आला होता. माझा कप कान तुटलेला, तिचा न तुटलेला, एवढाच फरक. दाराच्या आत तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. मी परत निघालो तेव्हाही ती ओट्यावरच होती. मी माझा अपमान गिळण्यात इतका गुंतलो होतो की शेजारचा बघायला सवड झाली नाही.

"तुला आत घेतलं न्हाई त्या घरात तू मला सोडून आलास, भाऊ," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. एखाद्यानं पायतानं उलटी घातली तर सांगावं तसं ती सांगत होती.

यानंतर मी जे केलं ते सांगायला मला जास्त जड जातं. मी माफी मागितली नाही. मी हॉटेल बदललं.

बाजारातल्या दुसऱ्या हॉटेलात चहा प्यायला लागलो. चहा वाईट होता, पण तिथून लिंब दिसत नव्हता. मनाला फारच टोचणी लागली तेव्हा एक गिरणीतलं ब्लँकेट विकत घेऊन कचेरीतल्या शिपायाच्या हातून पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते एका गरोदर बाईच्या अंगावर दिसलं, आणि शिपाई निरोप घेऊन आला: "ती म्हनली, मेंढरांच्या घरच्या बाईला असलं ब्लँकेट देतात का? ऊब न्हाई, नुसतं वजन हाय. अगदी भाषनावानी."

बायकोनं ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "तिला हितं घेऊन या. व्हरांड्यात ऱ्हाईल."

मी घरमालकाचं कारण सांगितलं. जागेचं सांगितलं. लोक काय म्हणतील तेही सांगितलं. बोलता बोलता माझ्याच कानांना शेठ, गुरुजी आणि चाचा तिघंही माझ्या तोंडून बोलत असल्यासारखं वाटलं.

"मंग एक करा," बायको म्हणाली. "तिला काय पायजे ते इचारा. मागच्या टायमाला तेवढंच ऱ्हायलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारीच मी लिंबाखाली गेलो. गार वारं सुटलं होतं. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भोवती गाठोडी नव्हती, कुणाचं लेकरू नव्हतं. नालीच्या कडेला सामान ठेवायला बाया येत नव्हत्या. तिची जागा गेली तशी तिची माणसंही गेली होती.

"मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून? आनखी कुठं पोचवायचा इचार हाय का?"

"नाही. खरंच विचारतो."

ती लगेच म्हणाली, "भिंत."

"कोणती भिंत?"

"चाचाच्या भट्टीची. आता थंडी येऊन राहिली. तीच माझी भिंत. दुसरं काई नको मला. लुगडं तर मुळीच नको."

मी तिथून तडक जुन्या हॉटेलात शिरलो. तिघंही बसले होते. इतक्या दिवसांनी मला बघून शेठ म्हणाले, "या भाऊसाहेब! अजून कोन रुसलंय का?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की ती परत आली आहे, का आली आहे, आणि ज्या जागेतून आपण तिला उठवलं ती जागा तिला परत हवी आहे. आवाज चढवला नाही. पलीकडं आता ऐकणारं कुणी नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे पुतण्यानं सांभाळली नाही? हेच मी म्हणतो, पूर्वी..." आणि मग त्यांनी ते वाक्य आपणहून सोडलं. पहिल्यांदाच. बशीकडं बघत बसले.

शेठ म्हणाले, "पन तिनं काम करावं की. येऊन बसतात नुसते."

"शेठ," मी म्हणालो, "उन्हाळ्यात तुमच्या आडतीत हळद निवडायला कोण बसतं?"

"बाया बसत्यात की. धा-बारा."

"ती त्यांच्यातच असते. दरवर्षी."

हे मला तिनंच लिंबाखालच्या त्या पहिल्या संध्याकाळी सांगितलं होतं. शेठ पुटपुटले, "हळदीत तोंडं सारखीच दिसत्यात."

चाचा भट्टीपाशी उभा होता. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही सायकलवाल्याला जागा दिली?"

"जगा खाली थी, साब," चाचा म्हणाला. "आपनेच खाली कराई." मग लाकूड आत सारत म्हणाला, "दीवार मेरी है. मैं क्या उसको मना करतूं? आने दो."

सायकलवाला तर आमच्या सगळ्यांपेक्षा शहाणा निघाला. तो म्हणाला, "मला पत्रा पायजे, भिंत कशाला? सायकलींना काय थंडी वाजती? तिकडच्या अंगाला लावतो." आणि वर म्हणाला, "मावशी असली तर मला जेवायला तरी जाता येईल. सायकलींकडं बघनारं कोनी न्हाई."

इतकं सोपं होतं. मी दुसरं हॉटेल शोधण्यात जेवढे दिवस घालवले, तेवढे सगळे ती नालीच्या कडेला कुडकुडत होती.

लिंबाखाली जाऊन तिला सांगितलं, "चला मावशी. जागा झाली."

ती उठली नाही. "अशी न्हाई येनार," ती म्हणाली.

"मग?"

"धाडायला चौघं आला व्हता. आनायला एकटाच? पोरगी माहेरी येताना मुऱ्हाळी बराबर लागतोय. मानानं धाडली, तर मानानंच आना."

माहेरी आणायला भाऊ जातो त्याला आमच्याकडं मुऱ्हाळी म्हणतात. मी आत्याला आणायला लहानपणी वडिलांबरोबर गेलेलो होतो. तिला आणताना आम्ही दोघंही तिच्या सासरी फारसं बोलत नसू. आणणारा माणूस कमी बोलतो, पोचवणारा जास्त.

मी हॉटेलात परत गेलो. शेठ म्हणाले, "मी? गाठोडं उचलू?" पण उठले. गुरुजी काठी शोधत उठले. चाचानं भट्टी तशीच सोडून हात पुसले.

तो बाजाराचा दिवस होता. स्टँड माणसांनी भरलेला. लिंबापासून भिंतीपर्यंतचं अंतर काही जास्त नाही, पण मी आयुष्यात एवढं लांब चाललेलो नाही. शेठच्या डोक्यावर तिचं गाठोडं, गुरुजींच्या हातात डालडाचा डबा, चाचा पुढं गर्दी बाजूला करत "चलो, चलो, रस्ता दो" म्हणणारा, आणि मागं मी आणि ती. खेड्यांतल्या ओळखीच्या बाया तिला हाका मारत होत्या. "कुटं व्हतीस गं इतक्या दिवस?" ती उत्तर द्यायची, "सासरी गेल्ते. ह्या भावानं धाडलं व्हतं."

प्रत्येक वेळी ती माझ्याकडं बोट दाखवायची, आणि बाया मला नीट न्याहाळून घ्यायच्या. एकीनं विचारलं, "मंग परत काहून आनलं?" ती म्हणाली, "त्यालाच इचार."

पत्र्याखाली आलो. सायकली बाजूला झाल्या होत्या. भिंतीवर पंपाचं काळं वंगण लागलेलं होतं, तेवढी खूण राहिली होती. शेठनी गाठोडं खाली ठेवलं आणि मान चोळत उभे राहिले. ती वाकली, तळहात भिंतीला लावला आणि तसाच ठेवला. जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग भिंतीला पाठ लावून बसली, डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "काय माहेरवाले? धाडताना भाषन केलं व्हतं. आता तोंडात काय धरून उभा हाईस?"

भोवती माणसं जमली होती. मला एक भाषण खरंच सुचलेलं होतं. वाटेत जुळवत आलो होतो. त्यात समाज होता, दुष्काळ होता, माणुसकीही होती. तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि त्यातलं काहीच जवळ राहिलं नाही. सुधारकाची भाषाही राहिली नाही. घरात बोलतो तीच तोंडात आली.

"मावशी," मी म्हणालो, "मी चुकलो. तुला इचारलं न्हाई आन पोचवून आलो. तू वट्यावर माझ्या शेजारी बसलीवतीस, ते मी पाहिलंच न्हाई. आन कळल्यावर बी तोंड लपवून दुसऱ्या हॉटेलात चहा पेत बसलो. मला माफ कर."